रेकॉर्ड-दिनाला दुकानात येण्याआधी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिलमधल्या एका शनिवारी, बहुधा तिसऱ्या, जगभरातली छोटी रेकॉर्डची दुकानं ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा करतात. १९ एप्रिल २००८ रोजी अमेरिकेत तो पहिल्यांदा झाला. त्या दिवसासाठी कंपन्या खास आवृत्त्या काढतात, त्याही मोजक्याच. आमच्याकडे त्यातल्या थोड्या येतात. येतील त्या मांडतोच. शिवाय वर्षभर जुन्या घरांतून जमवलेल्या आणि धुऊन-पुसून ठेवलेल्या एचएमव्ही, कोलंबिया, पॉलिडोर या कंपन्यांच्या भारतीय तबकड्या आम्ही त्याच सकाळी बाहेर काढतो. आमच्या मते दिवसाचं खरं आकर्षण तेच. गर्दीतही तुम्हाला हवी ती आणि नीट वाजणारी रेकॉर्ड मिळावी, म्हणून हे पत्रक.

घरचं यंत्र आधी बघा

तुमचा प्लेअर कोणत्या वेगांवर फिरतो ते पाहून या. वेग म्हणजे मिनिटाला किती फेरे: एलपी, म्हणजे मोठ्या लाँग-प्ले तबकड्या, ३३⅓, दोन-चार गाण्यांच्या छोट्या ईपी बहुतेक ४५ आणि जुन्या लाखेच्या तबकड्या ७८. नव्या प्लेअरपैकी बऱ्याचशांवर ७८चा वेग नसतो, आणि बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या मूळ तबकड्या तर ७८च्याच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात अख्खं पद किंवा राग बसवलेला. ते गाणं त्याच तबकडीवरून ऐकण्यासारखं आहे, पण त्याला सुईसुद्धा वेगळी लागते. सुई जिच्यातून फिरते ती ७८ची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. कार्ट्रिजचं, म्हणजे सुई ज्यात बसते त्या भागाचं, मॉडेल लिहून आणलंत तर त्याला ७८ची सुई मिळते का, ते आम्ही सांगू.

आजोबांचा चावीचा फोनो घरी असेल तर एक कळकळीची विनंती: त्यावर एलपी लावू नका. त्याचा जड साउंडबॉक्स (पिन धरणारा, आवाज काढणारा गोल डबा) आणि पोलादी पिन एलपीच्या खाचा एकाच फेरीत कायमच्या खराब करतात. लाखेची तबकडी तो भार सोसते. तिथेही दर बाजूला पिन बदलायची.

रेकॉर्ड हातात घेतल्यावर

तबकडी कडेने आणि लेबलने धरा, खाचांवर बोटं नकोत. उजेडाखाली तिरकी करून पाहा. केसासारखे वरवरचे चरे दिसायला वाईट दिसतात, पण बरेचदा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा आडवा ओरखडा मात्र दर फेऱ्याला ‘टक’ करतो. मग तबकडी डोळ्यांच्या रेषेत धरून कड बघा. थोडी लहर चालते, ताटलीसारखी वाकलेली घेऊ नका. भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळ वाजलेली आहे. पांढुरके ठिपके म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. ती बहुतेक वेळा धुतल्यावर जाते.

आमच्या चिठ्ठीवर तबकडीची आणि कव्हरची प्रत, म्हणजे दर्जा, वेगवेगळी लिहिलेली असते. ऐकण्यासाठी घेत असाल तर ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) घ्या. त्याच्या वरच्या प्रतीत किंमत झपाट्याने चढते, कानाला फरक थोडा जाणवतो. कव्हर फाटकं आणि तबकडी छान, हा सौदा आम्हाला फार आवडतो.

आणि ऐकल्याशिवाय घेऊ नका. काउंटरवर हेडफोनसह दोन प्लेअर ठेवलेले असतील. शास्त्रीय गाण्याची एलपी असेल तर सुई आलापाच्या सुरुवातीला ठेवा. स्वर हलका असतो, तिथे तबकडीची खरी अवस्था उघडी पडते. ब्रास आणि ढोलकच्या गदारोळात ती लपते. नंतर सुई बाजूच्या शेवटच्या गाण्यावर न्या. लेबलजवळ फेरा लहान होतो, झिजलेल्या सुईने केलेलं नुकसान तिथे आधी कळतं, आवाज फाटल्यासारखा येतो. पहिलं गाणं ऐकून पैसे देणारे फसतात ते इथेच.

एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज), ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगळा आवाज). मोनो म्हणून बाजूला सारू नका. मोनोतच झालेलं ध्वनिमुद्रण पुढे ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असतं, त्यापेक्षा मूळ मोनो प्रत कितीतरी भरीव लागते.

घरी नेताना

एप्रिलचं ऊन आहे. रेकॉर्ड गाडीत ठेवून जेवायला थांबू नका. बंद गाडीत एलपी वाकते आणि सहसा परत सरळ होत नाही. दुचाकीवर येणार असाल तर पाठीवरची बॅग आणा, आम्ही आत जाड पुठ्ठा घालून देऊ. घरी रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो, लेबल कोरडं राहू द्या. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते.

त्या दिवसाचे नियम

खास आवृत्त्या फोनवर राखून ठेवत नाही, एका शीर्षकाची एकच प्रत एकाला. हव्या असलेल्या नावांची यादी करून या आणि खोक्यांकडे वळण्याआधी ती आम्हाला दाखवा. मागे काय ठेवलंय ते आम्हाला माहीत असतं. दुपारनंतर गर्दी ओसरते. निवांत ऐकायचं असेल तर तेव्हा या, जुन्या रेकॉर्ड्सची खोकी आम्ही दुपारी पुन्हा भरतो.

घरी सुई उड्या मारत असेल तर प्लेअर सपाट जागी आहे का आणि सुईचा भार कार्ट्रिज कंपनीने सांगितला आहे तेवढा आहे का, ते पाहा. भार कमी असल्यावर चांगली रेकॉर्डही उडते. तरीही दोष राहिला तर सात दिवसांत पावतीसह आणा, आम्ही बदलून देऊ. तुमच्या जुन्या रेकॉर्ड्स विकायच्या असतील तर त्या मात्र पुढच्या आठवड्यात आणा, म्हणजे एकेक वाजवून योग्य भाव देता येईल.