प्रकाश पडला की जागं होणारं औषध

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली कर्करोगाची गाठ शेतातल्या हरळीसारखी आहे. वरून कितीही उपटली तरी मुळांचे धागे आत राहतातच. शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या, एवढं सगळं करूनही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपलीकडे जगू शकले नाहीत. गाठ परत येते तीही बहुतेकदा जुन्या जागेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आत. उरलेल्या पेशी जवळच असतात, फक्त सर्जनला त्या दिसत नाहीत.

त्या दिसाव्यात म्हणून ऑपरेशनच्या काही तास आधी रुग्णाला अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पाण्यातून पाजतात. गाठीच्या पेशींमध्ये त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य तयार होऊन साठतं आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात ते लालसर चमकतं. जर्मनीतल्या न्यूरोसर्जन वाल्टर श्टुमर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की या पद्धतीने ६५ टक्के रुग्णांमध्ये एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होतं.

प्रकाशाने पेशी नुसती दिसतेच असं नाही, ती मारताही येते. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आढळलं, की अॅक्रिडिन रंगाच्या द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशी जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. प्रकाशसंवेदक औषध प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. त्यातून तयार होणारा उत्तेजित ऑक्सिजन इतका अल्पजीवी असतो, की पेशीची रुंदीही ओलांडायच्या आत तो संपतो. म्हणूनच मार बसतो तो औषध आणि प्रकाश दोन्ही पोचलेल्या ठिकाणीच. जपानमध्ये २०१३ पासून टॅलापॉर्फिन या औषधाला मेंदूच्या कर्करोगासाठी मान्यता आहे: आदल्या दिवशी इंजेक्शन, मग गाठ काढायची आणि रिकाम्या पोकळीच्या कडांवर ६६४ नॅनोमीटरचा लाल लेझर सोडायचा.

आता अडचण पोचवण्याची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. गाठीच्या मध्यभागी ही वीण सैल पडते, पण कडेला, जिथे चुकार पेशी लपतात, ती शाबूत असते. नॅनोकणांचा, म्हणजे पेशीहूनही कितीतरी लहान कणांचा, उपयोग इथे. औषध कणात भरायचं आणि कणावर ट्रान्सफेरिनसारखं प्रथिन लावायचं. मेंदूला लोह पुरवणारी वाट हे प्रथिन ओळखते आणि कणाला आत घेते. मिशिगन विद्यापीठात राऊल कोपेलमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदरांच्या गाठींवर असेच, पण वेगळा रेणू लावलेले लक्ष्यवेधी कण वापरून पाहिले. इतर काही कण अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात आणि त्याने औषध जागं होतं; फायदा हा, की अवरक्त किरण ऊतींत अधिक खोल जातात.

मला यातल्या उंदरांवरच्या निकालांकडे जपून पाहावंसं वाटतं. छोट्या उंदराचा मेंदू जेमतेम सेंटिमीटरभर जाड. लाल प्रकाश तिथे सहज पुरतो. माणसात खोलवर तो पोचत नाही, शिवाय गाठीत ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि शिरेतून सोडलेले बरेचसे कण यकृत-प्लीहाच गिळून टाकतात. माझ्या मते या कणांचा पहिला खरा उपयोग होईल तो ऑपरेशन टेबलावरच, उघड्या पोकळीत, जिथे प्रकाशाला कवटी भेदावी लागत नाही.