बेने इस्रायल, एक्स गुणसूत्र आणि ज्यू असण्याची कसोटी

ज्यू हा धर्म आहे की वंश, असा प्रश्न निघाला की अलीकडे कोणीतरी हमखास सांगतो, ‘डीएनए तपासा म्हणजे कळेल.’ हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारा हा समाज कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली, आणि घरची भाषा मराठी. ‘मलिदा’ या त्यांच्या धार्मिक विधीच्या ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे असतात. त्या ताटावर एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण मात्र हिब्रू भाषेत होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि आपण त्यांचे वंशज, असे त्यांची परंपरा सांगते.

२०१६ साली या समाजातील १८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची तुलना इतर ४१ ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतील ४८६ व्यक्तींशी केली होती. बेने इस्रायलांचे पूर्वज मध्यपूर्वेतील ज्यूही होते आणि स्थानिक भारतीयही, आणि दोन्हींचा वाटा भरघोस आहे, असे त्यातून दिसले. शिवाय बाहेरून आलेल्यांत पुरुष अधिक होते आणि स्थानिकांत स्त्रिया अधिक, असाही निष्कर्ष निघाला. शेकडो वर्षांपूर्वी कोण पुरुष होते आणि कोण स्त्रिया, हे आजच्या माणसाच्या पेशीतून कसे कळावे? मला या अभ्यासातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. त्यांतील २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. तेविसाव्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स असतात, तर पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आता समजा, १०० परदेशी पुरुषांनी १०० स्थानिक स्त्रियांशी संसार थाटले. २२ जोड्यांच्या बाबतीत पुढच्या सर्व पिढ्यांत परदेशी वाटा सरासरी निम्मा राहील. एक्सचा हिशेब मात्र वेगळा आहे. पुरुषांनी १०० एक्स आणले आणि स्त्रियांनी २००, म्हणजे एकूण ३०० मध्ये परदेशी केवळ १००, अर्थात एक तृतीयांश. हा वाटा लगेच स्थिरावत नाही. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून पहिल्या पिढीतील मुलग्यांत परदेशी एक्स शून्य, तर मुलींत निम्मा असतो; दुसऱ्या पिढीत मुलग्यांत निम्मा, मुलींत पाव; तिसरीत मुलग्यांत पाव, मुलींत तीन अष्टमांश. असे हेलकावे घेत तो दोघांतही एक तृतीयांशाशी येऊन थांबतो. म्हणून एक्सवरील परदेशी वाटा इतर गुणसूत्रांवरील वाट्यापेक्षा कमी भरला, तर परदेशी पूर्वजांत पुरुष अधिक होते असे अनुमान काढता येते. बेने इस्रायलांत हा फरक आढळला.

ही सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी, असेही त्या अभ्यासाने सांगितले. पूर्वजांकडून आलेले डीएनएचे सलग तुकडे प्रत्येक पिढीत आणखी तुटत जातात, त्यामुळे त्यांच्या लांबीवरून काळ मोजता येतो. परंतु हा सरमिसळीचा काळ आहे, कोकणात पाऊल ठेवल्याचा नव्हे. तसेच जहाजातून एकही ज्यू स्त्री आली नाही, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पारंपरिक ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा विधिवत धर्मांतर केलेला माणूस ज्यू ठरतो. याच शास्त्राच्या आधारे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस इस्रायलमधील धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांआधी त्यांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या ज्यू मानत आलेल्या लोकांना हे अपमानास्पद वाटले यात नवल नाही. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच असल्याचा निर्वाळा दिला. त्यासाठी कोणाच्याही रक्ताचा थेंब तपासावा लागला नाही.

याच्या उलट उदाहरण १९६२ सालचे आहे. ज्यू आईबापांच्या पोटी पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे कॅथलिक साधू झालेल्या ओस्वाल्ड रुफायसेन यांना ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या ‘परतीच्या कायद्या’खाली ज्यू मानण्यास इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. जन्म होता, तरी तो पुरला नाही. म्हणून केवळ श्रद्धा हीच कसोटी म्हणावी, तर देव न मानणारे असंख्य ज्यू ज्यूच समजले जातात. मला आपल्याकडील कुळाची कल्पना येथे सर्वांत जवळची वाटते: कुळात माणूस जन्माने येतो, दत्तकविधानानेही येतो, आणि दत्तक आलेल्याचे रक्त कोणी विचारत नाही.

वंशशुद्धीच्या नावाखाली लाखोंचा संहार करणाऱ्या नाझींनाही रक्तात ज्यूपण सापडले नव्हते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत आजी-आजोबा ज्यू होते का, हे ठरवण्यासाठी ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते का, हेच पाहिले जाई. आज थुंकीचा नमुना मागवून ‘अमुक टक्के ज्यू’ असा दाखला देणाऱ्या कंपन्या काही वेगळे जादूचे यंत्र बाळगून नाहीत. तो टक्का म्हणजे त्यांच्या संग्रहातील नमुन्यांशी असलेले साम्य; संग्रह बदलला की टक्काही बदलतो.

या समाजाच्या डीएनएचा खरा उपयोग दवाखान्यात आहे. सरमिसळीनंतर समाजाची संख्या एकदा फार रोडावली आणि पुढे लग्ने आपसांतच होत राहिली. अशा वेळी आई आणि वडील दोघांकडून तेच सदोष जनुक आल्यासच होणारे आजार वाढण्याचा धोका असतो. असे जनुक लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी तपासता येतात.