रबर डॅम क्लॅम्प

दातावर काम करताना रबराचा पातळ पडदा (डॅम) जागेवर धरून ठेवणारी छोटी पोलादी कडी. पेशंट तिला सरळ ‘क्लिप’ म्हणतात. पडद्याला भोक पाडून त्यातून फक्त उपचाराचा दात वर काढतात. मग लाळ त्या दातापर्यंत पोचत नाही, आणि रूट कॅनलची बारीक फाइल (दाताची नळी आतून घासायची सुई) किंवा ती धुवायचे हायपोक्लोराइटचे झोंबरे पाणी घशात उतरत नाही. हा पडदा न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये वापरात आणला. धातूचे क्लॅम्प नंतर आले.

क्लॅम्पला दोन जबडे, त्यांना जोडणारी स्प्रिंगदार कमान आणि फोर्सेप्स (क्लॅम्प फाकवायचा चिमटा) अडकवायला दोन भोके असतात. दिसायला कुर्लीच्या डेंग्यांसारखा. जबड्यांची चारही टोके दाताच्या फुगवट्याखाली, हिरडीलगत टेकली पाहिजेत. तीनच टेकली तर क्लॅम्प डुगडुगतो आणि हिरडीला बोचतो. कमान एरवी घशाच्या बाजूला येते. पुढच्या दातांसाठी २१२ क्रमांकाचा, दोन कमानींचा फुलपाखरी क्लॅम्प असतो. अर्धवट उगवलेल्या दाढेला १४ए, त्याची टोके खाली वळलेली.

लावण्याआधी क्लॅम्पला फ्लॉसचा दोरा बांधून त्याचे टोक ओठाबाहेर ठेवतात. तो दोन्ही भोकांतून ओवलेला बरा, म्हणजे कमान मधेच मोडली तरी दोन्ही तुकडे हाती येतात. याला अर्धे मिनिट लागते, आणि घाईत नेमके तेच वाचवले जाते.

कोकण किनाऱ्यावर क्लॅम्पची खरी परीक्षा सुपारी घेते. श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी पानाचा डबा. वर्षानुवर्षे सुपारी फोडून म्हाताऱ्या माणसांच्या दाढा झिजून सपाट, बुटक्या होतात. धरायला फुगवटाच उरत नाही आणि क्लॅम्प वर सरकतो. अशा वेळी टोके खाली वळलेला क्लॅम्प घ्यावा, नाहीतर दाढेची भिंत आधी फिलिंगने उभारून घ्यावी. गुटख्याची अडचण वेगळी. राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठरलेले पेशंट येतातच. तोंडात दोन बोटे जेमतेम मावतात, तिथे मागच्या दाढेपर्यंत फोर्सेप्स न्यायचा कसा?

खाऱ्या दमट हवेत साध्या पोलादाचे क्लॅम्प लवकर गंजतात; स्टेनलेसचे टिकतात. पण ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) फेऱ्यांनी आणि हायपोक्लोराइटने तेही कमकुवत होतात. कमान फाकलेली दिसली की तो क्लॅम्प टाकून द्यायचा, वाकवून सरळ करायचा नाही.