आयकॉन आणि सिम्बॉल: फरक आकारात शोधू नका

चित्रातल्या रेषा कितीही कमी केल्या तरी त्याचा सिम्बॉल होत नाही. तरीही ‘आयकॉन जरा सिम्प्लिफाय केला की झाला सिम्बॉल’ हे डिझाइनच्या वर्गापासून क्लायंटच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि या एका समजुतीपायी मेहनतीने केलेली कामं फसतात.

आयकॉन सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ज्याबद्दल सांगायचं त्याच्यासारखा तो दिसतो: कॅमेऱ्यासाठी कॅमेरा, छपाईसाठी प्रिंटर. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने चिन्हांचे आयकॉन, इंडेक्स आणि सिम्बॉल असे तीन प्रकार सांगितले. धुरावरून आग ओळखतो, तिथे धूर हा आगीचा इंडेक्स. त्यात फारसं कुणी चुकत नाही.

घोळ होतो तो सिम्बॉलपाशी. सिम्बॉलचा अर्थ त्याच्या आकारात नसतो. तो कुणीतरी ठरवलेला आणि बाकीच्यांनी शिकलेला असतो. ‘शेअर’चंच बघा. काही फोनवर रेषांनी जोडलेले तीन ठिपके असतात, काहींवर चौकटीतून वर निघालेला बाण. दोन्हींत साम्य शून्य, काम एकच. आकारात अर्थ असता तर हे जमलंच नसतं.

अडचण अशी, की एकदा शिकलेला सिम्बॉल शिकल्याचं आपण विसरतो. मग तो ‘बघताक्षणी कळतो’ असं वाटायला लागतं. किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह १९४६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. तिथे काम करणाऱ्याला त्यात धोका दिसतो. ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्याला पंखा दिसतो. शेवटी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि मानकं ठरवणारी आयएसओ यांनी जोडीला दुसरं चिन्ह आणलं: लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. मोठ्या धोक्याच्या उपकरणांत ते आतल्या भागावर लावायचं, म्हणजे कुणी उपकरण उघडायला गेलं तर समोर येईल. पळणारा माणूस शिकवावा लागत नाही. कवटी मात्र कवटीसारखी दिसते म्हणून आयकॉन, आणि ‘मराल’ असं सांगते तेव्हा सिम्बॉल. म्हणूनच हे चिन्ह अकरा देशांत लोकांना दाखवून तपासावं लागलं.

एकच चित्र कूसही बदलतं. ‘सेव्ह’ची फ्लॉपी डिस्क, म्हणजे फायली साठवायची जुनी चकती, एकेकाळी आयकॉन होती. जिने कधी फ्लॉपी हातात धरली नाही तिच्यासाठी ती निव्वळ सिम्बॉल आहे. रेषा त्याच राहिल्या, बघणारी बदलली. फ्लॉपी जुनी झाली म्हणून ती बदला, असा आग्रह धरणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. लोकांनी शिकलेला सिम्बॉल मोडून नवा शिकवायला लावणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची: स्वतः काल ठरवलेलं चिन्ह ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिरवायचं आणि स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून त्याखालचा शब्द उडवायचा. नवा सिम्बॉल असेल तर शब्द हवाच.

सिम्बॉल करायचाच तर जैविक धोक्याच्या चिन्हासारखा करावा. १९६६ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीत ते घडलं तेव्हा चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा आकार हवा होता जो लक्षात राहील, पण ज्याला आधीचा कुठलाच अर्थ चिकटलेला नसेल. त्यांनी लोकांना आधी विचारलं, याचा अर्थ काय असेल? आठवड्याने विचारलं, यातलं कुठलं पाहिल्याचं आठवतं? अर्थाचा अंदाज सर्वांत कमी लोकांना बांधता आला आणि सर्वांत जास्त लोकांच्या लक्षात राहिलं, ते चिन्ह निवडलं गेलं. आयकॉन पहिल्याच प्रश्नात असा अडला असता तर तो टाकून द्यावा लागला असता.