बर्किट लिंफोमा: पहिला आठवडा किडन्यांचा

बर्किट लिंफोमा हा पांढऱ्या पेशींचा, फार वेगाने वाढणारा कॅन्सर. त्याच्या पेशी २४ ते ४८ तासांत दुप्पट होतात. १९५८ साली डेनिस बर्किट यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींवरून हा आजार जगापुढे मांडला. आफ्रिकेबाहेर तो बहुधा पोटात सापडतो. पोट फुगलंय, दुखतंय म्हणून गडहिंग्लज किंवा राधानगरीहून कोल्हापूर गाठलेल्या मुलाबाबत आधी अपेंडिक्सची शंका येणं साहजिकच. मात्र अशी गाठ दिसली, तर शक्यतो बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नये. गाठ विरघळते, बरं वाटतं, आणि तपासायला निदानापुरत्या पेशीच उरत नाहीत.

हा कॅन्सर केमोला झटकन दाद देतो, आणि पहिला धोका तिथेच असतो. असंख्य पेशी एकदम फुटतात. त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरतं, युरिक ॲसिड चढतं. किडन्या बंद पडू शकतात, पोटॅशियम वाढलं तर हृदयही. म्हणून केमोच्या आधीपासूनच सलाइन चालू करतात, प्रौढाला दिवसाला चार-पाच लिटरपर्यंत, आणि त्यात पोटॅशियम घालत नाहीत. लघवी मोजायची, वजन रोज करायचं, रक्त दर सहा-आठ तासांनी तपासायचं. भेटायला येणाऱ्यांनी या दिवसांत शहाळं आणू नये. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

युरिक ॲसिड फार असेल तर ते मोडणारं रासब्युरिकेज हे औषध देतात. त्याआधी जी-६-पीडी तपासावं. हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. औषधानंतरचा युरिक ॲसिडचा नमुना बर्फातच लॅबला न्यावा, नाहीतर नळीतही औषध काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो.

इतर लिंफोमांना दिली जाणारी नेहमीची चार औषधांची 'चॉप' केमो इथे अपुरी पडते. मेंदूकडे आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध द्यावं लागतं. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं दुसरं औषध मात्र फक्त शिरेतून. मणक्यात गेलं तर जीव जातो. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट चालू असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नयेत, मेथोट्रेक्सेट शरीरातच साठतं.

नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा गंगावेशीतलं धारोष्ण दूध पूर्ण बंद, उकळलेलंच प्यायचं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं.