महाराष्ट्रधर्म

मराठी मुलखातील लोकांचा आचार, त्यांच्या कुळांची व दैवतांची परंपरा आणि त्यांचे राज्य राखण्याचे कर्तव्य या तिन्हींना कमी-अधिक प्रमाणात कवेत घेणारी संकल्पना. येथे ‘धर्म’ म्हणजे पंथ किंवा उपासनापद्धती नव्हे. धर्मशास्त्रात देशधर्म, जातिधर्म, कुलधर्म असे जे भेद येतात, त्यांपैकी देशधर्माला हा अर्थ सर्वांत जवळचा. संकल्पनेचा बोलबाला मोठा असला, तरी एकोणिसाव्या शतकापूर्वीचे तिचे ठळक उल्लेख थोडेच आहेत. त्यामुळे ते एकेक करून तपासणे अगत्याचे ठरते.

सर्वांत जुना म्हणून बहुधा पुढे केला जाणारा उल्लेख महिकावतीच्या बखरीतला. उत्तर कोकणातील माहीम परिसराची ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. ती एका हातची नाही. तिची सहा प्रकरणे निरनिराळ्या काळी रचली गेली असून काही भाग पद्य, काही गद्य आहे. त्यांतला केशवाचार्याने रचलेला भाग राजवाडे शके १३७० च्या सुमाराचा (सु. १४४८) मानतात. मालाडचा देसला (परगण्याचा वतनदार अधिकारी) नायकोराव याला देवीचा दृष्टांत झाला आणि त्यावरून केशवाचार्याने लोकांना जमवून महाराष्ट्रधर्म सांगितला, अशी बखरीतील हकीगत आहे. सांगितले ते मुख्यतः वंश, गोत्र, कुलदैवत आणि कुळाचार. सत्तांतरांत विस्कटलेल्या समाजाला आपण कोण याची आठवण करून देणे, हा त्यामागचा हेतू उघड दिसतो. मात्र बखरीतील काही प्रकरणे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येतात. तेव्हा हा भाग नंतरच्या संकलनात कितपत जसाच्या तसा राहिला, हा प्रश्न उरतोच आणि १४४८ हे साल बेताने वापरावे लागते. काही संदर्भग्रंथ पहिल्या वापराचा मान सरस्वती गंगाधराच्या गुरुचरित्राला देतात. बखरीत प्रसंग, वक्ता आणि श्रोते तिन्ही समोर येतात, म्हणून अर्थनिश्चितीला तीच अधिक उपयोगी.

सर्वपरिचित उल्लेख समर्थ रामदासांचे. शिवाजी महाराजांना उद्देशून लिहिलेल्या, ‘निश्चयाचा महामेरू’ या चरणाने सुरू होणाऱ्या पत्रात ‘महाराष्ट्रधर्म राहिला कांहीं, तुम्हांकरितां’ असे शब्द आहेत. या पत्राचा काळ समर्थ–शिवाजी भेटीच्या वादात अडकला आहे. समर्थांचे चरित्र सांगणारी हनुमंतस्वामींची बखर भेट १६४९ ची धरते. दुसरा पक्ष ती १६७२ पर्यंत पुढे आणतो. ‘राहिला’ हे क्रियापद पाहता पत्र लिहिताना राज्याने बरेच काही राखलेले असावे. त्यामुळे पत्र उशिराचे मानणे सयुक्तिक वाटते. भेटीच्या तिथीचा निर्णय मात्र त्यावरून होत नाही. संभाजी महाराजांना लिहिलेल्या पत्रातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या ओवीचा काळ, ती त्या पत्रातली आणि पत्र अस्सल धरले तर, बराच आवळता येतो: शिवाजी महाराजांचे निधन एप्रिल १६८० मधले आणि समर्थांचे १६८२ च्या आरंभीचे. ओवीतील ‘मराठा’ हा जातिवाचक नसून मराठी मुलखातील माणूस अशा अर्थाचा आहे, हे मत ग्राह्य वाटते. मेळवण्याचे आवाहन एका जातीपुरते असते, तर ‘आपुला महाराष्ट्रधर्म वाढवावा’ या पुढच्या ओळीत महाराष्ट्र आणण्याचे प्रयोजन उरत नाही.

चर्चेत ज्याची पुरेशी दखल घेतली जात नाही, असा एक दरबारी कागदही आहे. राजाराम महाराज तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यात असताना, १६९१ मध्ये, सरदार हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या पत्रात महाराष्ट्रधर्म रक्षण्याची भाषा येते आणि रायगड, विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद व थेट दिल्ली काबीज केल्यावर टप्प्याटप्प्याने द्यायच्या होनांचा (सोन्याच्या नाण्यांचा) करार त्याच कागदात आहे. संताच्या ओवीतला शब्द येथे मोहिमेच्या हिशेबाशेजारी बसला आहे. राजधानी गेलेली, राजा परमुलखात. अशा वेळी दरबार सरदाराला कोणत्या शब्दांत साद घालतो, हे कळण्यासाठी याइतके मोलाचे साधन दुसरे नाही.

आधुनिक काळात वाद पेटला तो अर्थावरून. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात स्वराज्याची पूर्वपीठिका संतांच्या कार्यात शोधली. लोकभाषेतील वाङ्मय, जातींमधील ताठरपणा सैल होणे, गृहस्थाश्रमाला आलेली प्रतिष्ठा ही त्यांच्या मते त्या कार्याची फळे. या चळवळीची तुलना त्यांनी युरोपातील धर्मसुधारणेशी केली. राजवाड्यांना हे मान्य नव्हते. वारकरी संतांची शिकवण सहिष्णू, तर रामदासांचा महाराष्ट्रधर्म जयिष्णू, म्हणजे जिंकू पाहणारा, असा भेद त्यांनी केला. दोघांचेही प्रतिपादन उपलब्ध उल्लेखांपेक्षा लांब जाते. त्यातही केशवाचार्याच्या कुळाचारात जयिष्णुता शोधणे अधिक ओढाताणीचे आहे. उलट, भिन्न जातींना एका आचाराच्या धाग्यात बांधण्याची रानडे यांनी दाखवलेली दिशा जुन्या उल्लेखांशी बऱ्यापैकी जुळते.

विनोबा भावे यांनी १९२३ मध्ये वर्ध्याहून काढलेल्या मासिकाला ‘महाराष्ट्र धर्म’ हेच नाव दिले. पुढे ते साप्ताहिक झाले. उपनिषदांवरील त्यांचे लेखन त्यात आले. येथे या शब्दाला राज्यविस्ताराचा स्पर्श राहिलेला नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर हा शब्द मुख्यतः भाषणांत व अग्रलेखांत आढळतो.