रेफरीवर चिडणं वेगळं, रेफरीवर दबाव टाकणं वेगळं

रविवारी रात्री इंग्लंडच्या प्रीमियर लीगची मोठी मॅच संपली, की बेळगावातल्या आमच्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास पडतं: ‘बघा, रेफरीवर दबाव टाकालाय!’ वर मॅनेजरचा, म्हणजे तिकडच्या कोचचा, लालबुंद चेहरा, खाली हे वाक्य. शहापूरचा असो, कॅम्पातला असो, निपाणी-खानापूरकडचा असो, सगळे हेच लिहितात. आणि ज्या दिवशी खरोखर दबाव टाकला जातो, म्हणजे मॅचच्या आधी एखादा मॅनेजर हसतमुखाने रेफरीबद्दल दोन बरे शब्द बोलतो, त्या दिवशी हीच मंडळी लिहितात, ‘मोठ्या मनाचा माणूस.’ सगळं उलटं चाललंय. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तक्रार म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. मॅच झाली, निर्णय झाला, तो चुकला असं वाटलं, माणूस बोलला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलकडून १-० ने हरल्यावर आर्सेनलचे मिकेल आर्टेटा असेच पेटले होते. न्यूकॅसलच्या अँथनी गॉर्डनचा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने, तीन अंगांनी तपासला: बॉल बाहेर गेला होता का, फाउल होता का, ऑफसाइड होता का. शेवटी गोल कायम राहिला. आर्टेटांनी याला लाजिरवाणा प्रकार म्हटलं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, त्यांच्यावर आरोप ठेवला, पण तो सिद्ध झाला नाही.

आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण घ्या. ३ मार्च २०२३, बेंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, बाद फेरीचा सामना. केरळा ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक मारली, रेफरीने गोल दिला, आणि ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच पूर्ण टीम घेऊन मैदान सोडून गेले. क्लबला चार कोटींचा दंड झाला, त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. वागणं चूक होतं, बेशिस्त होती, शिक्षा योग्य होती. पण मूळ गोष्ट होती एका झालेल्या निर्णयावरचा राग. साइडलाइनवर उड्या मारणं, चौथ्या रेफरीच्या तोंडावर ओरडणं हेही त्यातच आलं. २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, त्यामुळे तो हिशोब मैदानावरच मिटतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ.

लोक आवाजावरून ओळखायला जातात. ओरडला तर दबाव, गोड बोलला तर खिलाडूवृत्ती. आवाज बघूच नका. एकच विचारा: मॅनेजर ज्या निर्णयाबद्दल बोलतोय तो होऊन गेलाय, की अजून व्हायचाय? होऊन गेलेल्या निर्णयाबद्दल कितीही आरडाओरडा केला तरी तो निर्णय बदलत नाही. व्हायच्या निर्णयाबद्दल कुजबुजलं तरी ते रेफरीच्या कानापर्यंत पोचतं. दबाव नेहमी पुढच्या शिट्टीसाठी असतो.

याचा उत्तम नमुना एकाच माणसाच्या एकाच वर्षात सापडतो. १ मार्च २०११. मँचेस्टर युनायटेड चेल्सीकडून २-१ ने हरली. चेल्सीच्या डेव्हिड लुईझला बाहेर काढायला हवं होतं, उशिरा दिलेली पेनल्टी चुकीची होती, असं युनायटेडचे मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचं म्हणणं. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण ‘निःपक्ष रेफरी हवा’ अशा अर्थाचं ते बोलले, म्हणजे त्या मॅचचे रेफरी मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांच्या सचोटीवरच बोट ठेवलं. पाच सामन्यांची टचलाइन बंदी, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायला मनाई, आणि ३०,००० पौंड दंड.

त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा चेल्सी, या वेळी ओल्ड ट्रॅफर्डवर. मॅचला रेफरी होते हॉवर्ड वेब, आदल्याच वर्षी वर्ल्ड कपची फायनल केलेले. मॅचच्या आधी फर्ग्युसन म्हणाले की आम्हाला सर्वांत चांगला रेफरी मिळालाय. बस्स. ना शिवी, ना टोमणा. एफएने त्यावरही आरोप ठेवला.

ही दुसरी गोष्ट सांगितली की आमच्याकडचे लोक हसतात. ‘स्तुती केली म्हणून केस? इंग्रज लोक काय पण!’ आणि इथेच सगळा घोळ आहे. तिथला नियम साधा आहे. मॅच झाल्यावर निर्णयावर टीका करायला मोकळीक आहे. फक्त रेफरी पक्षपाती आहे असं सुचवायचं नाही, त्याच्या प्रामाणिकपणावर किंवा व्यक्तीवर जायचं नाही. मॅचच्या आधी मात्र नेमलेल्या रेफरीबद्दल काहीच बोलायचं नाही. वाईट नाही, तसंच चांगलंही नाही. दोन वेळांना दोन वेगळे नियम आहेत, कारण दोन वेगळे गुन्हे अडवायचे आहेत.

स्तुतीवर बंदी का, हे नीट समजून घ्या. कुठल्या मॅचला कोण रेफरी, हे तिथे काही दिवस आधी जाहीर होतं. त्यानंतर मॅनेजरची पत्रकार परिषद असते. तो म्हणतो, ‘हा रेफरी धाडसी आहे, कुणाला घाबरत नाही.’ वरवर कौतुक. पण कुणाला घाबरत नाही म्हणजे कुणाला? समोरच्या क्लबच्या प्रेक्षकांना. धाडस दाखवायचं म्हणजे कुठे? आमच्या स्ट्रायकरला बॉक्समध्ये पाडलं तर. हे काहीच उच्चारलेलं नसतं, पण टीव्हीवर दिवसभर तेच चघळलं जातं. मग सत्तराव्या मिनिटाला बॉक्समध्ये कुणी पडतं. आता रेफरीपुढे साधा प्रश्न उरत नाही. पेनल्टी दिली तर ‘धाडसी’, नाही दिली तर ‘घाबरला’. शिट्टी वाजण्याआधीच त्याच्या निर्णयाला नाव ठेवून झालेलं असतं. टीकेने रेफरी निदान सावध होतो. स्तुती मात्र त्याला न मागितलेल्या कर्जात टाकते.

जोसे मोरिन्यो यांनी यात प्रावीण्य मिळवलं होतं. ऑक्टोबर २०१६, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. रेफरी अँथनी टेलर मँचेस्टर परिसरातले, म्हणून त्यांच्या नेमणुकीवर आधीच चर्चा सुरू होती. युनायटेडचे मॅनेजर म्हणून मोरिन्यो काय म्हणाले? टेलर चांगले रेफरी आहेत, पण कुणीतरी मुद्दाम त्यांच्यावर इतका ताण आणतंय की त्यांना चांगली कामगिरी करणं अवघड जाईल. बघा, कौतुक केलं, सहानुभूती दाखवली, दोष तिसऱ्याच कुणावर टाकला, आणि टेलर यांनी युनायटेडच्या विरुद्ध एखादा निर्णय दिला तर तो ताणामुळेच दिला, हेही आधीच सांगून ठेवलं. मॅच ०-० सुटली. मोरिन्यो यांना ५०,००० पौंड दंड झाला. इंग्रजी कॉमेंटेटर याला कौतुकाने ‘माइंड गेम’ म्हणतात, आणि आपले लोक तेच उचलतात. मला हे कौतुक अजिबात पटत नाही. समोरच्या मॅनेजरला चिथवणं हा माइंड गेम. रेफरीला बांधून ठेवणं हा खेळच नव्हे.

आमच्याकडे हे होत नाही असं समजू नका. लेले मैदानावर ज्यांनी लहानपणापासून मॅचेस बघितल्या त्यांना ठाऊक आहे. एका गल्ली टुर्नामेंटमध्ये सेमीफायनलच्या आदल्या संध्याकाळी संयोजकांच्या टेबलाजवळ एका टीमचे कोच येऊन बसले. चहा मागवला. मग म्हणाले, ‘उद्याला ते सर हायत न्हवं रेफरीला? लई चांगला माणूस. कुणाला भ्यायचं नाहीत. तेवढं आमच्या नऊ नंबरच्या पोराचं नशीबच वाईट, गेल्या दोन्ही मॅचला ऑफसाइडात सापडलं. असू दे, मी काय म्हणत नाही.’ आणि गेले. टेबलावरच्या सगळ्यांना ते कोच सज्जन वाटले. दुसऱ्या दिवशी मॅचच्या आधी रेफरी सरांना कुणीतरी सहज म्हणालं, ‘नऊ नंबरच्या ऑफसाइडकडं जरा बघून घ्या.’ त्याच मॅचमध्ये समोरचे कोच एका हँडबॉलवरून बेंबीच्या देठापासून ओरडले आणि गावभर बदनाम झाले. मला विचाराल तर तो ओरडणारा माणूस मला शंभरदा परवडला. त्याने जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर, घडलेल्या गोष्टीबद्दल म्हटलं.

आता अवघड प्रकार. काही बोलणी दिसतात मॅचनंतरची, पण निशाणा पुढच्या मॅचवर असतो. ४ जानेवारी २०२१ ला साउथहॅम्प्टनकडून लिव्हरपूल १-० ने हरली. लिव्हरपूलचे मॅनेजर यर्गन क्लॉप यांना त्यांच्या मॅचमधल्या न मिळालेल्या पेनल्टीबद्दल बोलायचा पूर्ण हक्क होता. पण ते तिथून मँचेस्टर युनायटेडवर गेले: मला साडेपाच वर्षांत मिळाल्या त्याहून जास्त पेनल्ट्या युनायटेडला दोन वर्षांत मिळाल्या. साउथहॅम्प्टनच्या मॅचशी युनायटेडचा काय संबंध? पण दोनच आठवड्यांत लिव्हरपूलची मॅच युनायटेडशी होती. क्लॉप मला आवडतात, तरी सांगतो, ही तक्रार नव्हती. ओळखायची खूण हीच. खरी तक्रार मिनिट सांगते, खेळाडू सांगते, काय घडलं ते सांगते. दबाव मोजदाद काढतो, जुना इतिहास काढतो, दुसऱ्या क्लबचं नाव काढतो, रेफरीच्या गावाचा उल्लेख करतो.

दंडाच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका. ‘एवढा दंड झाला म्हणजे दबावच असणार’ हे ऐकून मला वीट आलाय. याच क्लॉप यांना २०२३ मध्ये टॉटनहॅमवर ४-३ असा विजय मिळवल्यानंतर रेफरी पॉल टियर्नी यांच्याबद्दल बोलल्यामुळे ७५,००० पौंड दंड झाला, मोरिन्यो यांच्या टेलर प्रकरणापेक्षा जास्त. ते मॅचनंतरचं बोलणं होतं, व्यक्तीवर गेलेलं होतं, त्याची शिक्षा झाली.

‘क्लॉप बोलले आणि युनायटेडच्या पेनल्ट्या आटल्या’ हेही तसंच. खुद्द युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर ओले गुन्नार सोल्शार यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये असं सुचवलं होतं. पण एका सीझनच्या पेनल्ट्या इतक्या कमी असतात की त्यावरून काही सिद्ध होत नाही. रेफरीवर प्रेक्षकांच्या आवाजाचा परिणाम होतो, याला मात्र चांगला पुरावा आहे. २००२ च्या एका इंग्लिश अभ्यासात ४० रेफरींना एकाच मॅचमधले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण तो पुरावा गर्दीच्या आवाजाचा आहे, पत्रकार परिषदेचा नाही. दोन्ही एकात मिसळून ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. प्रयत्न चुकीचा आहे की नाही हे ठरवायला तो यशस्वी व्हायची गरज नाही.

आणि परिणाम फक्त स्कोअरवर होतो असंही नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये बार्सेलोना आणि चेल्सीच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढलं गेलं, चेल्सी २-१ ने हरली. बार्सेलोनाचे कोच फ्रँक रायकार्ड हाफ टाइमला रेफरीच्या खोलीत गेले होते, असा आरोप तेव्हा चेल्सीचे मॅनेजर असलेल्या मोरिन्यो यांनी केला. परतीचा सामना अजून व्हायचा होता. स्वीडिश रेफरी अँडर्स फ्रिस्क यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि मार्चमध्ये त्यांनी रेफरीपण कायमचं सोडलं. मोरिन्यो यांना दोन सामन्यांची बंदी झाली. २०२३ च्या युरोपा लीग फायनलनंतर, तेव्हा हरलेल्या रोमाचे कोच असलेल्या मोरिन्यो यांनी रेफरी अँथनी टेलर यांना बुडापेस्टच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शिवीगाळ केली. विमानतळावर टेलर आणि त्यांच्या कुटुंबावर चाहते चालून गेले. त्या दिवशी मॅच संपलेली होती, पुढचा कुठलाच निर्णय बाकी नव्हता, म्हणून माझ्या हिशोबाने तो दबाव नव्हता. तरी त्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत म्हणजे त्यातली एक चांगली आहे असं नाही.

आमच्या बेळगाव भागातल्या टुर्नामेंट कमिट्यांना माझं सांगणं आहे. रेफरीचं नाव मॅचच्या दिवशी मैदानावरच सांगा. त्याआधी कुठल्याही टीमचा माणूस उद्याच्या रेफरीबद्दल बोलायला आला, गोड असो वा कडू, तर त्याला चहा पाजून परत पाठवू नका, नाव लिहून ठेवा. मॅचनंतर मात्र कोचला मनापासून भांडू द्या, लेखी तक्रार घ्या, आणि त्या अर्जावर दोन रकाने छापा: कितवं मिनिट आणि कितव्या नंबरचा खेळाडू. ते रिकामे असतील तर अर्ज घेऊ नका.